चुलीच्या मापाचं लाकूड

वैशाखातल्या एका दुपारी वालूरच्या बाजूला असं वारं सुटलं की शाळेचे पत्रे उडून बाभळीत जाऊन बसले आणि कमलबाईच्या अंगणातला जुना लिंब मुळासकट आडवा झाला. पडता पडता त्यानं शेवगा मोडला, न्हाणीचा आडोसा पाडला, आणि शेंडा थेट ओसरीच्या खांबाला टेकला. त्या ओसरीवर बाजेवर भागवत पडलेला होता, कमलबाईचा नवरा. फाल्गुनात त्याला लकवा मारला, उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. परभणीच्या दवाखान्यात बारा दिवस काढले आणि डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सेवा करा. सेवा करा म्हणजे काय, ते खेड्यातल्या माणसाला बरोबर कळतं.

त्या दिवसापासून कमलबाई बधिर झाली होती. पोरगी राजेश्री जिंतूरहून आली, आईच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडली, तर ही आपली तिच्या पाठीवर हात फिरवत भिंतीकडं बघत बसली. भूक नाही, झोप नाही, कुणाचा राग नाही. हात तेवढे चालायचे. झाड पडलं तेव्हाही तिनं आधी भागवतच्या अंगावरचा पाला झटकला, त्याला दुधात भाकर कुस्करून चारली, तोंड पुसलं, आणि मग कोयता घेऊन अंगणात उतरली.

चार दिवस नुसत्या फांद्या. डहाळ्या शेळीपुढं टाकल्या, काटक्यांचे भारे बांधले, शेवग्याचा मोडका भाग ओढून एका अंगाला केला. कुंपणाची बोरीची काटेरी झुडपं लिंबाखाली चेंगरली होती, तीही तिनं ओढून काढली. हाताला काटे भरले ते तिला संध्याकाळी भांडी घासताना समजले. पाचव्या दिवशी अंगणात फक्त खोड उरलं, दोघांच्या कवेत न मावणारं.

तेव्हा भागवतचा थोरला भाऊ व्यंकटराव आला. हा माणूस वाईट नाही, पण तोंडाचा फटकळ, आणि गावातल्या प्रत्येक कार्याचा जिम्मा आपल्याच डोक्यावर आहे असं मानणारा. लग्न असो की मयत, मांडवात हा पुढं. त्यानं खोडाला एक चक्कर मारली, पायानं ठोकून बघितलं, ओसरीकडं पाठ केली आणि आवाज खाली आणून म्हणाला की कमल, याचे पाच-पाच फुटी ओंडके करून शेडात ठेवू. पावसाळा तोंडावर आहे. वेळेला कोरडं लाकूड गावात मिळत नाही.

कोणत्या वेळेला, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. जित्या माणसासाठी लाकूड रचून ठेवायचं नसतं, हे काय व्यंकटरावाला माहीत नव्हतं? म्हणून तर तो आडून बोलला. पण आडून बोललेलंच जास्त लागतं. कमलबाईच्या त्या बधिर डोक्यात एकच गोष्ट शिरली आणि घट्ट बसली. चितेला खाली जाड ओंडके लागतात. काटक्यांवर माणूस जळत नाही. मग ओंडकाच ठेवला नाही तर? जाड लाकूड घरात नसलं तर याला न्यायचं कसं? आता हे शहाण्या माणसाचं बोलणं आहे का? नाही. पण तीन महिने उशाशी बसून ज्यानं कुणाला घास भरवलाय, त्यानं तिला हसावं, बाकीच्यांनी गप्प बसावं.

दुसऱ्या दिवशी वालूरचा सिद्धोधन लाकूड कापायचं मशीन घेऊन आला. व्यंकटरावानंच पाठवला होता. त्यानं पाच फुटाचं माप धरून खडूची खूण केली, तशी कमलबाईनं ती पदरानं पुसली आणि हाताची वीत दाखवली. दीड वीत, त्याहून मोठं नको. सिद्धोधन म्हणाला, मावशी, एवढ्या चांगल्या लाकडाचं वाटोळं कशाला करता? ती म्हणाली की चुलीत मावत नाही. त्यानं खांदे उडवले आणि मशीन चालू केलं. संध्याकाळपर्यंत अंगणभर खोडाच्या चकत्या पसरल्या.

व्यंकटरावानं ते बघितलं आणि त्याचा पारा चढला. बाई, अक्कल गहाण टाकलीस का, इथपासून सुरू झाला. तिनं त्याच्या पुढ्यातच एका चकतीला पाचर लावली आणि घण घातला. तो बडबडत निघून गेला आणि नंतर महिनाभर या वाटेला फिरकला नाही.

मग रोजचंच झालं. सकाळी भागवतचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, चारायचं, कूस वळवायची आणि ऊन चढेपर्यंत फोडायचं. पंचावन्न वर्षांची बाई ती, खांदा सुजला, नख गेलं. दुखत असेलच, पण तिला ते दुसऱ्या कुणाचं तरी दुखल्यासारखं वाटायचं. चकतीचे चार तुकडे, चाराचे आठ, आठाचे सोळा. शेडात चळत वाढत गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, बाई कामाला वाघ आहे.

शेवटी एक चकती राहिली, बुंध्याजवळची, गाठीची. दोन दिवस तिनं तिच्यावर घाव घातले, पाचर वाकली, चकती जागची हलली नाही. भागवत बाजेवरून बघत होता. एरवी त्याचं बोलणं कुणाला समजत नसे, पण त्या दिवशी त्यानं तोंडातली लाळ आवरून दोन शब्द जुळवले.

"ऱ्हाऊ दे."

कमलबाई थांबली. त्याच्याकडं बघितलं. त्यानं डाव्या हाताचं बोट त्या चकतीकडं केलं आणि मग स्वतःकडं. त्याला सगळं कळलं होतं. पहिल्या घावापासून कळलं असेल.

"न्हाई ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "तुमी गप पडा."

तिसऱ्या दिवशी चकती फुटली.

त्यानंतर भागवत सात आठवडे राहिला. एक पेला दूध जास्त प्यायला लागला, एकदा तर हसलाही. कमलबाई चळतीकडं बघायची आणि मनात म्हणायची, बघा, हे अजून आहेत की नाही. श्रावणात झड लागली. सहा दिवस पाऊस उघडला नाही, भिंती पाझरल्या, गावातलं सगळं जळण भिजून चिंब झालं. सातव्या सकाळी ती दूध-भाकर घेऊन ओसरीवर आली, तर भागवत गेलेला होता.

व्यंकटराव सगळं विसरून धावत आला. शेतातल्या ओल्या बाभळीचे दोन ओंडके मिळाले, बाकी गावभर हिंडून एक कोरडं लाकूड नाही. मग त्याचं लक्ष शेडाकडं गेलं. कुणी कमलबाईला विचारलं नाही, असल्या वेळी विचारत नसतात. पोरांनी हातोहात चळत ट्रॉलीत भरली, वर ताडपत्री टाकली. ती प्रेताजवळ बसून बघत होती. शेड रिकामं होईपर्यंत बघत होती. तिच्या डोळ्यात टिपूस नव्हता, आणि बायका एकमेकींना खुणावत होत्या की हिला रडवा कुणीतरी, नाहीतर छाती फुटेल.

तिसऱ्या दिवशी पुरुषमाणसं राख सावडून आली. ओसरीवर बायका बसलेल्या, व्यंकटराव खांबाला टेकून बसला. त्याची बायको गीताबाई म्हणाली की असल्या पावसात असं स्वच्छ जळणं नशिबानंच मिळतं. व्यंकटरावानं डोळे पुसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला की मी हिला वेडी समजलो, नको ते बोललो, पण हिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं, हिनं महिना-दीड महिना राबून नवऱ्याची सोय करून ठेवली.

बायकांनी माना डोलावल्या. कमलबाईनं मान वर केली.

"ते त्यायच्यासाठी न्हवतं, भावजी," ती म्हणाली. "चुलीसाठी होतं. म्या एक बी जाड लाकूड ठिवलं न्हाई."

"तेच म्हणायलोय मी," व्यंकटराव मायेनं म्हणाला. "बारीक होतं म्हणून तर झरझर पेटलं."

कमलबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग गीताबाईकडं, मग रिकाम्या बाजेकडं. तिचा ओठ हलायला लागला, आणि फाल्गुनापासून पहिल्यांदा ती हंबरडा फोडून रडली. गीताबाईनं तिला जवळ घेतलं आणि बाकीच्या म्हणाल्या, बरं झालं, रडली एकदाची, आता मन मोकळं होईल.