फळ्यापुढे अडलेल्या बाई

नववीपर्यंत गणिताच्या तासाआधी माझ्या पोटात हमखास दुखायचं. ढोंग नव्हतं, खरंच दुखायचं. चिपळूणच्या आमच्या शाळेत गणिताचे सर फळ्यापाशी बोलवायचे आणि मी अडले की वर्गाकडे वळून म्हणायचे, "अगो, डोक्यात मेंदूच्या जागी नारळाची सोडणं भरलीस काय?" वर्ग खदाखदा हसायचा. सर मनाचे चांगले होते म्हणतात. असतीलही. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मला दहावीनंतर इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला जायचं होतं. बाबा पोफळीच्या वीजघरात कामाला. तिथली जनित्रं त्यांनी एकदा दाखवली, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. पण गणिताच्या नावानं आनंदीआनंद! गणित गेलं की डिप्लोमाही गेला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दहावीला नव्या बाई आल्या. एकदा त्यांनी भूमितीचं एक अवघड गणित घेतलं. एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळं, आणि दोन रेषा समांतर आहेत असं सिद्ध करायचं. अर्ध्यावर बाईंचा हात थांबला. बराच वेळ त्या फळ्याकडे बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "मला नाही जमत हे. तुम्हाला काय दिसतंय काय?"

मी थक्कच झाले. अख्खा वर्ग बघतोय, आणि या बाईंना लाज कशी वाटत नाही? उलट, बाजारात ताजा पापलेट दिसल्यासारखे त्यांचे डोळे चमकत होते. गणितात अडण्यात एवढी मजा असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मला दिसत होतं. वर्तुळं जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडायला हवे होते. माझा हात वर गेला.

बाईंनी खडू माझ्या हातात दिला आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला जरा सरकवून सरळ माझ्या जागेवर जाऊन बसल्या. मी रेघ ओढली. दोन चौकोन तयार झाले. एक बाहेरचा कोन आतल्या समोरच्या कोनाएवढा, असं लिहिलं, आणि पुढे सगळं ठप्प. आता हसतील म्हणून मी मान खाली घातली. कुणीच हसलं नाही. वळून पाहिलं, तर माझ्या बाकावर बाईंचा हात वर होता. आम्ही करतो तसाच, कोपर बाकावर टेकवून.

"एक विचारू काय?" त्या म्हणाल्या. "ते दोन कोन सारखे कशावरून? माझ्या नाही लक्षात आलं गो."

त्यात चेष्टा नव्हती. त्या खरोखरच माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. माझ्या!

"सांगते," मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी गणित समजावून देऊ लागले.