रुक्मिणीची झाडलोट

गायला बसली की ती डावा तळहात कानावर ठेवायची आणि समोरच्या बायकांना विचारायची, "रुक्मिणीचं गाऊ, का सत्यभामेचं?"

नुसतं विचारायची. गायची ती रुक्मिणीचंच.

सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. मीही म्हणायची, पण मनापासून नाही. ती येण्याआधी उचगावातल्या आमच्या गल्लीत गौरीची गाणी माझी होती. बेळगुंदीला माहेरी आईकडून शिकलेली, एका चालीची, सोवळ्यातली गाणी. गौरी बसल्या की दुपारची जेवणं उरकून बायका मला बोलावणं पाठवायच्या, आणि मी दोनदा बोलावणं आल्याशिवाय उठत नसे. असा तोरा तुम्हीही कुणाचा तरी पाहिला असेल.

तिचा नवरा आमच्याच गल्लीतला. निपाणीला तंबाखूच्या वखारीतलं काम सोडून तो घरच्या शेतीवर परत आला, तेव्हा तिला घेऊन आला. माहेर तिचं निपाणीजवळच्या खेड्यात, घरची बोली कानडी. मराठी बोलताना बाईचा बाप्या व्हायचा. पहिल्याच सणाला "गौरी आला, गौरी बसला" म्हणाली आणि बायका फुगडी सोडून हसत बसल्या. मीही पोटभर हसले. मग तिनं कानावर हात ठेवला.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच. कृष्णानं पारिजातक लावला सत्यभामेच्या दारात आणि फुलं पडू लागली रुक्मिणीच्या अंगणात. आम्ही गात होतो ते रुक्मिणीच्या भाग्याचं. हिनं निराळंच गायलं.

"झाड तिच्या दारी, फुलं माझ्या अंगणी,
झाडून झाडून बाई थकली रुक्मिणी."

बायका आधी हसल्या, आणि हसता हसता गप्प झाल्या. माझ्या गाण्यांना त्या नेहमी हात जोडायच्या. अशा गप्प कधी झाल्या नव्हत्या. मला तिथं बसवेना.

"हे पुराणात न्हाय," मी म्हणाले.

"पुराण लिवणाऱ्यानं अंगण कधी झाडलंय व्हय?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच प्रश्न पडला होता.

दुसऱ्या वर्षी तिनं बेळगावात आलेल्या नाटक कंपनीच्या एका पदाची चाल उचलली आणि तिच्यावर रुक्मिणीला बसवलं. मी म्हटलं, "देवाचं गाणं नाटकाच्या चालीवर?"

"देव नाटक बघत न्हाय व्हय, तंगी?"

कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मला ते बोचायचं. धाकटी कसली? गल्लीत आधी मी आलेली. त्या वर्षी मला एकदाच बोलावणं आलं, तेही आरतीच्या वेळी. घरी भाकरी थापताना तिची ओळ माझ्या तोंडात यायची आणि मी ओठ मिटून घ्यायची. एवढ्या मोडक्या भाषेत एवढं कसं मावतं, याचा विचार करून माझा तवा जळायचा.

मग तिच्या घरात गोष्ट घडली. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. सासूनं हट्ट धरला आणि नवऱ्यानं खानापूरकडची दुसरी करून आणली. पोरसवदा, भेदरलेली, कायम दाराआड उभी राहणारी. त्या काळी असं सर्रास व्हायचं, कुणी फारसं बोलत नसे. गल्लीला उत्सुकता एवढीच, की आक्का यंदा काय गाणार. "आता रडवती बघ रुक्मिणी," बायका म्हणायच्या. मला वाटत होतं, ती यायचीच नाही. दळताना मी माझी जुनी गाणी आठवून ठेवली होती.

ती आली. सवतीचा हात धरून आली. तिला आपल्या शेजारी बसवलं, तळहात कानावर ठेवला आणि यंदा तिलाच विचारलं, "कुणाचं गाऊ गं?"

पोरगी मान वर करीना. आक्कानं थोडी वाट पाहिली आणि सुरुवात केली.

"झाड माझ्या दारी, रोज पाणी घालिते,
नुसत्या वासावर बाई दिस मी घालविते."

सत्यभामा! ती पोरगी तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली, आणि आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत गातच राहिली.

नंतर नदीवर धुणं धुताना मी तिला विचारलं, "तुला तिचा राग येत न्हाय?"

"येतोय की. लई येतोय." तिनं लुगडं दगडावर आपटलं. "मी रुक्मिणीच हाय, तंगी. सत्यभामेचं मला कवाच जमत न्हवतं. ही घरात आली, दाराआड हुबारली, तवा जमलं."

त्या दिवशी माझा हेवा आणखी खोल गेला. गळ्याची बरोबरी मी कधीतरी केली असती. हे मला कुठून यायचं?

सवतीला मुलगा झाला. बारशाला सासूनं आक्काच्या हातात पोर देऊ दिलं नाही. आठवड्याच्या आतच बोचकं बांधून आक्का भावाच्या गावी गेली. सवत वेशीपर्यंत रडत गेली म्हणतात. पुढच्या गौरीला मला दोनदा बोलावणं आलं. मी गेले, माझी सगळी गाणी गायले. बायका हात जोडून बसल्या होत्या.

काही वर्षांनी तिकडच्या एका लग्नाला मी निपाणीला गेले, आणि वाट वाकडी करून तिच्या भावाचं गाव गाठलं. देवळाच्या ओट्यावर बायकांचा घोळका बसला होता. मधे ती, केस पिकलेले, हात कानावर. मला पाहताच सरकून तिनं जागा केली, माझा गुडघा दाबला आणि गाणं न थांबवता पुढं गात राहिली.

गाणं कानडी होतं. रुक्मिणीचं नाव तेवढं मला कळलं. बाकी बाजारहाटापुरत्या माझ्या कानडीत काही सापडेना. बायका हसल्या, मी त्यांच्याकडं बघून मागाहून हसले. मग त्या एकदम गप्प झाल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. का, ते मला कळलं नाही.

तिला अगदी खेटून मी बसले होते, आणि त्या परक्या बायकांचा मला असा हेवा वाटला, की तिच्या गळ्याचाही कधी वाटला नव्हता.