जादा दिवे आणि उसाच्या गाड्या

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. डिसेंबरातला गुरुवार होता आणि आईला मोटारसायकलवर मागे बसवून मी नृसिंहवाडीहून कोल्हापूरला परत येत होतो. जयसिंगपूर मागे पडलं आणि पूर्ण अंधार झाला…

मला त्या रस्त्याची भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकतो. उसाचा सीझन सुरू झाला की कारखान्याला जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग लागायची आणि गाड्यांना मागे दिवा वगैरे काही नसायचं. आमच्या ऑफिसातला दिनकर आदल्या वर्षी अशाच एका गाडीवर मागून आदळला होता. वाचला… पण बाहेर आलेल्या उसाच्या टोकाने त्याचा उजवा डोळा गेला.

माझी गाडी सेकंडहँड, सहा व्होल्टची. तिच्या हेडलाइटमध्ये चाकापुढची चार हात जमीन दिसायची, त्यापुढे काही नाही. दिनकरला हॉस्पिटलात बघून आल्यापासून मला तो उजेड पुरेना.

शेवटी जुन्या बाजारातून दोन मोठे दिवे आणले आणि एका रविवारी घरीच क्रॅशगार्डवर बसवले. वायर थेट बॅटरीला जोडली, कुणाला काही विचारलं नाही. बोळात लावून बघितले तर समोरची अख्खी भिंत उजळली… मला वाटलं, आता आपल्याला काही होत नाही.

त्या गुरुवारी सुरुवातीला खरंच छान चाललं होतं. आई तर मागून म्हणाली, "दिवसागत दिसतंय की रं!" मग हातकणंगल्याच्या अलीकडे उसाच्या आठ-दहा गाड्या पुढे लागल्या. समोरून ट्रक येत होते, त्यामुळे ओव्हरटेक करता येईना.

वीस-पंचवीस मिनिटं बैलांच्या चालीने मागे मागे चाललो. तिन्ही दिवे चालूच. बंद करायचा धीरच होत नव्हता…

आधी उजेड पिवळा झाला. मला वाटलं, धूळ असेल. मग तांबूस झाला. हॉर्न दाबला तर नुसता घोगरा आवाज आला. माझ्या गाडीचं स्पार्किंगही बॅटरीवरच होतं. इंजिनने दोन आचके दिले आणि दिव्यांबरोबर तेही बंद पडलं.

ब्रेक दाबला तेवढ्यात गालाला काहीतरी खरखरीत घासलं. ऊस होता तो… डोळ्याच्या जेमतेम दोन बोटं खाली. मला दिनकर आठवला.

पुढची गाडी कुरकुरत पुढे निघून गेली. आम्ही रस्त्यातच उभे. आणि मागच्या वळणावरून ट्रकचा आवाज यायला लागला.

खरं तर गाडी कडेला ढकलायची. पण मी वेड्यासारखा किका मारत सुटलो. आई कधीच खाली उतरली होती. ती ओरडली, "आनंदा, सोड ती गाडी! सोड म्हणते न्हवं!"

मला ऐकू येत होतं, पण हँडलवरचे हात निघत नव्हते… आईने माझी कॉलर धरली आणि जीव खाऊन ओढलं. आम्ही दोघं रस्त्याकडेच्या चरात पडलो, गाडी रस्त्यात आडवी झाली.

तेवढ्यात आमच्या शेजारून एक माणूस कंदील घेऊन धावत गेला. पुढच्या गाडीचा गाडीवान होता तो. पडलेल्या मोटारसायकलच्याही मागे, ट्रकच्या दिशेने जाऊन, रस्त्याच्या मधोमध उभा राहून कंदील हलवत ओरडत होता, "थांब! ए थांब!"

मी डोळे मिटले. ब्रेकचा किंचाळल्यासारखा आवाज आला, रबर जळल्याचा वास आला… उघडून बघितलं तर ट्रक त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

ट्रक ड्रायव्हर शिव्या देतच खाली उतरला, पण मदतीलाही आला. तिघांनी मिळून मोटारसायकल उचलली. गाडीवान म्हणाला, "पावणं, येवढं मोठं डोळं लावल्यासा आणि वाटंतच मिटलं व्हय?"

मला हसू येईना. आई त्याला म्हणाली, "भाऊ, तुम्हास्नी भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. पर तुमी वरडला आणि पाय निघालंच."

गाडी ढकलत आम्ही त्याच्या बैलगाडीमागून हातकणंगल्यापर्यंत चालत गेलो. स्टँडजवळच्या मिस्त्रींनी वायरी बघितल्या आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "डायनॅमो देतोय वाटीभर आणि तुम्ही उपसताय घागरभर. त्यात गाडी हळू चालली की वाटीभर पण येत न्हाय."

गाडी तिथेच टाकून आम्ही एसटीने घरी आलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी एक दिवा काढून टाकला. राहिलेल्याला कमी वॅटचा बल्ब आणि वेगळं बटण दिलं, तो लागला की हेडलाइट बंद होईल असं. हँडलवर छोटा ॲमीटर बसवला, बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते दाखवणारा, आणि बजावलं, "काटा उणेकडं गेला की दिवा बंद. रस्ता दिसंना झाला तर थांबा, पण बॅटरी संपवू नका." पुढे ती गाडी सहा वर्षं वापरली, पुन्हा कधी रस्त्यात बंद पडली नाही. भीती मात्र गेली नाही… अजून मागून ट्रकचा आवाज आला की मी कडेला होतो.

गाडीवानाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नंतर सायकलच्या दुकानातून लाल रिफ्लेक्टर घेतले आणि त्याच्या गाडीला लावावेत म्हणून दोन रविवार त्याला शोधत कारखान्याच्या रस्त्यावर फिरलो. पण चेहरा फक्त कंदिलाच्या उजेडात बघितलेला… ओळखणार कसा?

मग आणखी रिफ्लेक्टर आणले आणि समोर येईल त्या गाडीला थांबवून लावत गेलो. त्यातली एखादी त्याची असेलही.