आमच्या ह्यांनी न पाहिलेला सीझन

आमच्या दारावर लिंबू-मिरची कधी टांगली गेली नाही. सासऱ्यांनी छप्पन साली इथेच नागपुरात दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून दृष्ट, शकुन-अपशकुन हे सगळं या घरातून हद्दपार झालं. आमचे हे तर सासऱ्यांच्याही वरचढ. कळमेश्वरच्या कारखान्यात फोरमन होते, तेव्हा नव्या मशीनपुढे कोणी नारळ घेऊन उभा राहिला की म्हणायचे, "नारळ घरी ने अन् चटणी कर. मशीन ग्रीसनं चालते." तोंड फटकळ, पण माणूस सरळ. म्हणूनच जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

आमचा मुलगा फुटबॉलमध्ये गोलकीपर. लहानपणी त्याच्या मॅचेस असल्या की नेमकी ह्यांची शिफ्ट असायची. बाकीच्या पोरांचे बाप मैदानाच्या कडेला उभे राहून आरडाओरडा करायचे, आणि आमच्या पोट्ट्यासाठी मी एकटी, छत्री घेऊन. "रिटायर झालो का साऱ्या पाहीन," हे म्हणायचे. गंमत अशी की ज्या वर्षी हे रिटायर झाले, त्याच वर्षी मुलाला देशाच्या मोठ्या लीगमधल्या एका क्लबानं घेतलं. क्लब पार ईशान्येकडचा. करार एका सीझनचा. चांगला खेळला तर पुढे वाढवणार. हे लगेच भिंतभर टीव्ही घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, हॉल केवढा, टीव्ही केवढा!" तर म्हणाले, "मंग पोट्टा मले दिसन कसा?"

सुरुवातीला तो नुसता बाकावर बसून असायचा. मग पहिल्या गोलकीपरचा खांदा दुखावला आणि आमच्या मुलाला उतरवलं. त्या संध्याकाळी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जसं काही टीव्हीतून तोही ह्यांना बघणार होता! मुलानं तीन गोल खाल्ले. तिसरा तर दोन पायांच्या मधून गेला. हे त्या रात्री जेवले नाहीत.

पुढच्या मॅचच्या वेळी ह्यांच्या बहिणीला रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती केलं होतं, तिला डबा द्यायला हे गेले. इकडे मुलानं एकही गोल होऊ दिला नाही. तिसऱ्या मॅचला हे टीव्हीसमोर बसले आणि थोड्याच वेळात मुलानं गोल खाल्ला. हे उठले, चपला घातल्या आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. त्यानंतर त्यानं एकही गोल खाल्ला नाही आणि आपली टीम जिंकली.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," मी म्हटलं.

"मले ठाऊक आहे."

"मग या ना आत."

"श्रद्धा-बिद्धा काही नाही आपली. पण रिस्क काहून घ्यायची? पोराच्या पोटाचा सवाल आहे."

झालं! त्या दिवसापासून टीम मैदानात यायच्या आतच ह्यांचा पाय घराबाहेर. दाराकडे पाठ करून पायरीवर बसायचे. मी आतून स्कोअर सांगायला लागले की ओरडायचे, "सांगू नको!" वरच्या मजल्यावरच्या बाई जाता-येता विचारायच्या, "काहून हो भाऊ, बाहेर बसले? भांडण झालं का?" आणि हे खुशाल "हाव" म्हणायचे! आपण अपशकुनी आहोत असं वाटतं, हे कबूल करण्यापेक्षा बायकोनं हाकललं म्हणणं ह्यांना सोपं वाटलं. सगळ्या बिल्डिंगीत माझी अब्रू गेली. दर आठवड्याला ही बाई नवऱ्याला घराबाहेर काढते म्हणे.

एप्रिलमध्ये पायरी तव्यासारखी तापायची. हे ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून बसलेले. मी पाण्याचा तांब्या आपटायची आणि चार शब्द ऐकवायची. "मशीनपुढच्या नारळाला हसत होते ना? तो नारळ बरा, निदान चटणी तरी व्हायची." हे नुसता तांब्या तोंडाला लावायचे. कीवही यायची आणि संतापही. कीव जास्त यायची, पण दाखवायची सवय नाही मला.

मॅच संपली की मुलाचा फोन यायचा. "बाबा, पाहिली ना?"

"पाहिली तं! मस्त खेळला तू."

एवढं बोलून फोन माझ्या हातात. एकदा त्यानं पेनल्टी वाचवली. बाप्पा, काय उडी होती ती! मी एकटीच हॉलमध्ये नाचले. फोनवर त्यानं आधी बाबांनाच मागितलं. "बाबा, पेनल्टी कशी वाटली?" हे म्हणाले, "चांगली होती." बॉल डावीकडे गेला की उजवीकडे, हेही ह्यांना माहीत नव्हतं. पलीकडे पोरगा थांबला होता, बाबा अजून काही बोलतील म्हणून. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर ह्यांनी हात जोडले. नंतर म्हणाले, "त्याच्या डोक्यात नको भरवू हे. तिथं गोलमधे उभा राहून तो माह्या पायरीचा विचार करत बसन." तेही खोटं नव्हतं. मी गप्प बसले.

सीझन संपत आला तेव्हा त्यानं विमानाची तिकिटं काढतो म्हटलं. "दोघंही या. घरच्या मैदानावर मॅच आहे." हे म्हणाले, "पुढच्या सीझनले नक्की येतो बेटा. तुझं बस्तान बसू दे." ह्यांना पायरीवर सोडून मी एकटी कशी जाणार? मीही नाही गेले. शेवटच्या मॅचला टीमचं काही पणाला लागलं नव्हतं, तक्त्यात वर जायचं नव्हतं की खाली यायचं नव्हतं. मी दार सताड उघडलं. "आज तरी या आत. आज हरले काय अन् जिंकले काय!"

"लोक शेवटचंच ध्यानात ठेवतात," हे म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

आणि पुढचा सीझन काही सुरू होईना. या महिन्यात होणार, त्या महिन्यात होणार, नुसत्या बातम्या. क्लबांनी हात आखडता घेतला. आमच्या मुलाचाच काय, त्याच्याबरोबरच्या कितीतरी जणांचा करार वाढवला नाही. दोन मोठ्या बॅगा घेऊन तो घरी परत आला. दुसरीकडे कुठे घेतात का म्हणून फोन करत राहिला, मग फोन करणंही कमी झालं. आता कळमन्याकडच्या एका शाळेत पोरांना फुटबॉल शिकवतो. लीग पुढे सुरू झाली तेव्हा नवी पोरं आली होती, ह्याला कोणी विचारलं नाही. आता आमच्याकडे टीव्हीवर फुटबॉल कोणीच लावत नाही.

परवा रविवारी मी वांगी चिरत होते आणि तो समोर बसून शाळेतल्या पोरांच्या बॉलमध्ये हवा भरत होता. एकदम म्हणाला, "आई, बाबांना माझं खेळणं कधी आवडलंच नाही ना? मैदानावर कधी आले नाहीत. त्यांच्याकडे वेळ होता तेव्हाही दोन शब्दांच्या वर बोलले नाहीत."

विळीवरचा माझा हात थांबला. मग मला राहवलं नाही. डबा, पायरी, ओला दुपट्टा, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

"म्हणजे त्यानंतर एकही नाही पाहिली?"

"एकही नाही रे."

त्यानं हातातला बॉल खाली ठेवला. मग म्हणाला, "मॅचच्या आधी आम्ही रांगेत उभे राहतो ना, तेव्हा कॅमेरा एकेकाच्या तोंडासमोरून जातो. माझी जागा पक्की झाल्यावर मी दर वेळी कॅमेऱ्यात बघून बोलायचो, 'बाबा, येतो.' लहानपणी मी उठायच्या आत ते शिफ्टला गेलेले असायचे, मैदानावर जाताना सांगायला कोणी नसायचं. म्हटलं, आता ते समोर बसलेले असतील."

माय गं! त्याचे ओठ हलताना मी दर वेळी पाहिले होते. मला वाटायचं, च्युइंगगम चघळतो आहे.

दारात हे उभे होते, भाजीची पिशवी घेऊन. कधी आले, किती ऐकलं, कोण जाणे. चपलाही काढल्या नव्हत्या.

"कवा म्हणायचा?" ह्यांनी विचारलं. "मॅच सुरू व्हायच्या आधी?"

"हो बाबा. आधी."

ह्यांनी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला हात टेकवला.

"अरे, मंग सांगायचं ना गा मले," हे म्हणाले. "तवा तं मॅच सुरूच झाली नव्हती. तेवढं पाहून गेलो असतो ना मी बाहेर."