सगळ्या ठीक, सर

पहिल्याच दिवशी सुभेदारांनी सांगितलं, जोडवी काढून बूट घाला. मैदानावर आम्ही तीस-एक शिक्षिका होतो, त्यातल्या एकीनंही काढली नाहीत. नवरा जिवंत असताना बाईनं जोडवी काढायची, हे या माणसाच्या डोक्यात आलंच कसं, म्हणून आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. मग सगळ्यांनी पायाच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या, वरून पांढरे कॅनव्हासचे बूट चढवले आणि सांगितलं, काढली सर. त्या शिबिरात खोटं बोलायची सुरुवात अशी पायापासून झाली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तेवीस वर्षांची, प्राथमिक शाळेत लागून दोन वर्षं झालेली, लग्नाला सहा महिने. वडिलांचा हातमाग घरातच होता, त्यामुळे मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसणारी माणसं मी जन्मापासून पाहिली होती. धावणारी बाई पाहिली नव्हती. शाळेतल्या पोरांची कवायत आता बायांनीही घ्यायची असा हुकूम निघाला आणि त्यासाठी शहरातल्या सक्करदऱ्याच्या बाजूला एका मैदानावर दहा दिवसांचं शिबिर ठेवलं. जी पास होईल ती शहरात राहील, नापास होईल तिला कुहीकडच्या एखाद्या खेड्यात टाकतील, अशी बातमी आमच्यात पसरली. खरी की खोटी, देव जाणे. आम्ही ती खरी धरून पळत होतो.

नुसतं पळणं असतं तर निभलं असतं. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, मिशीला पीळ देणारे, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. त्यांनी मैदानाच्या कडेनं पाच जागा आखल्या होत्या. एका जागी दोरीवरच्या उड्या, दुसरीकडे बैठका, तिसरीकडे विटांच्या ओट्यावर चढ-उतर, चौथीकडे वाळूची पोती उचलून ठेवायची आणि पाचवीकडून झेंड्यापर्यंत जीव खाऊन पळायचं. शिटी वाजली की पुढची जागा. मध्ये थांबणं नाही. पाच जागा झाल्या की एक चक्कर, अशा तीन चकरा. आम्ही सहा-सहा जणींच्या टोळ्या केल्या होत्या आणि नियम असा, की टोळीतली एक जरी खाली बसली तर सगळ्या टोळीची चक्कर रद्द. त्यामुळे स्वतःच्या दमापेक्षा दुसरीच्या डोळ्यांची भीती जास्त वाटायची.

पहिल्या दिवशी दुसऱ्याच चकरेत मला भडभडून उलटी झाली. नवीन सलवार-कुडत्यावर. साडीशिवाय घराबाहेर पडण्याची ती माझी पहिलीच वेळ, त्यात ही शोभा. तेव्हा पाठीवर हात ठेवून मला उभं ठेवलं ते ताईनं. ती आमच्याच शाळेत चौथीला शिकवायची, चौतिशीची, माझ्या टोळीत होती. "बसू नको वं," ती कानात म्हणाली. "वाकून उभी राह्य. तोंड पूस अन् चाल." मी चालले. रात्री घरी गेल्यावर जिना उतरता येईना, तर दुसऱ्या दिवशी तिनंच शिकवलं, उलटं तोंड करून उतर, मांड्या कमी दुखतात. तिला हे कुठून माहीत, विचारलं तर हसली.

चौथ्या दिवशी नळावर पाय धुताना तिनं मला सांगितलं. तिला दोन महिने झाले होते. याआधी दोनदा पोट पडलं होतं, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात.

मी हादरलेच. "मग तुम्ही इथं काय करून राहिल्या, ताई? सरांना सांगा न."

"त्या मिशीवाल्याले पोटातलं सांगू का मी? अन् सांगितलं तर नापास. मग कुहीची बस. रोज त्या रस्त्यानं आदळत जाईन तर राहील का काही?" तिनं हिशेब केला होता: वर्षभराच्या बसपेक्षा दहा दिवसांचं हे मरण बरं. तिनं माझ्याकडून वचन घेतलं, कोणाजवळ बोलायचं नाही. नवरा आणि सासू सोडून फक्त मलाच माहीत होतं.

त्यानंतर मी तिला जपलं, हे खरं आहे आणि ते सांगायचा मला अधिकार आहे. पोत्यांच्या जागी सुभेदारांची पाठ फिरली की तिचं पोतं मी उचलायचे. उड्यांना ती नुसती दोरी फिरवायची आणि मी तिच्यासमोर उभी राहून आडोसा करायचे. एवढं करताना मला स्वतःला चांगलाच दम चढू लागला आणि गंमत म्हणजे अंगही सरावू लागलं. सातव्या दिवशी तिन्ही चकरा मी न थांबता केल्या. सुभेदार म्हणाले, शाबास. त्या शाबासकीनं मी किती फुगले होते ते आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

शिबिराचं वेळापत्रक कचेरीतल्या पुरुषांनी केलेलं. त्यांनी पोळ्याची सुटी दिली, दुसऱ्या दिवशीची मारबतीची दिली, गणपतीच्या आत शिबिर संपेल हेही पाहिलं. शेवटचा, दहावा दिवस, परीक्षेचा, नेमका हरतालिकेला आला, हे मात्र त्यांच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. त्यांच्या बायका घरी उपाशी असतील, तरीही. आणि आम्ही तीस जणी, पोरांना आरोग्याचे धडे शिकवणाऱ्या, पाण्याचा थेंबही न घेता मैदानावर आलो आणि एकीनंही तोंडातून ब्र काढला नाही. बायकांचे उपास हे काय परक्या पुरुषाला सांगायचं असतं? शिवाय बाकीच्या करतात तर मी का नाही, हा ताठा प्रत्येकीत होता.

रोज टोळीची एक नायक असायची. चकरेआधी तिनं आपल्या पाच जणींना विचारायचं आणि सुभेदारांपुढे जाऊन मोठ्यानं सांगायचं, सगळ्या ठीक, सर. त्या दिवशी नायक मी होते.

ऊन चांगलंच वर आलं होतं. जीभ टाळूला चिकटत होती. मी ओळीतून विचारत शेवटी ताईजवळ आले. तिचा चेहरा मातकट झाला होता.

"मले आज होत नाही वं," ती म्हणाली. "सकाळपासून कंबर दुखून राहिली. सांगून टाक सरले."

"काय सांगू?"

"जे आहे ते सांग. आता मले काही वाटत नाही."

तिनं मला वचनातून मोकळं केलं होतं. मी ते नीट ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. पण परीक्षेच्या दिवशी एक गळाली म्हणजे टोळी गेली, टोळी गेली म्हणजे मी गेले, आणि मला माझं शहर, माझं नवं घर सोडायचं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, आजचाच दिवस न. तीन चकरा. तुमची पोती मी उचलते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

मी पुढे गेले आणि खणखणीत आवाजात सांगितलं.

दुसऱ्या चकरेत ओट्यावर चढता-उतरता ती थांबली. पडली नाही. सावकाश विटांवर बसली आणि कुडता गुडघ्यांवर ओढून घेतला. सलवार पांढरी होती. सगळ्या बाया शिटी सोडून धावल्या आणि तिच्याभोवती पाठ करून उभ्या राहिल्या, पुरुषांना दिसू नये म्हणून. सुभेदार बाहेरून ओरडत होते, पानी पिलाओ उनको, पानी. कोणीतरी तांब्या आणला. ताईनं ओठ घट्ट मिटून मान हलवली. "उपास आहे," ती म्हणाली. तशा अवस्थेत.

सुभेदारांनी ते ऐकलं. "किसका उपास? सबका?" आमच्या माना खाली गेल्या. ते तिथंच मातीत उकिडवे बसले. "बोलना तो था," एवढंच म्हणाले, आणि आवाज असा की आम्ही मान वर केली नाही. मग सायकलरिक्षा आणली, ताईला सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत कळलं, सगळं संपलं होतं.

सुभेदारांनी आमच्या सहाही जणींना पास केलं, ताईलाही.

नंतर बारा वर्षं आम्ही दोघी त्याच शाळेत होतो. तिला मूल झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा सांगितलं होतं की हे घरी बसूनही झालं असतं, सांगता येत नाही. मी त्या वाक्याला बरीच वर्षं धरून बसले. पण मैदानावर तिनं मला काय सांगितलं आणि मी काय उत्तर दिलं, यात डॉक्टरीणबाईंचा काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गणपतीच्या दिवशी, मी दवाखान्यात गेले. ती पास झाली हे तिला सांगायचं होतं. एवढीच एक वस्तू माझ्याजवळ होती. खाटेजवळ तिची सासू बसली होती, डोळे सुजलेले. मी कोण ते कळल्यावर म्हातारीनं विचारलं, "सरले सांगितलं काहून नाही कोणी? नायक कोण होती तुमची?"

मी काही बोलायच्या आत ताई छताकडे बघत म्हणाली, "हीच होती. ही तर लय म्हणे, सांगते म्हणून. मीच शपथ घातली होती इले."

म्हातारीनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "पोरी, तुयं ऐकलं असतं हिनं तर," ती म्हणाली आणि रडू लागली. मग डोळे पुसून तिनं माझा चेहरा पाहिला. "उपास सोडला नाही का वं अजून?" मी नाही म्हटलं. तिनं सुनेसाठी आणलेला डबा उघडला, दहीभात कालवला आणि घास माझ्या तोंडापाशी धरला. ताई आता माझ्याकडे बघत होती.

मी तोंड उघडलं आणि घास घेतला.