साताऱ्यातला संगणक-ज्योतिषी

समस्त सातारकरांना अत्यंत गांभीर्याने कळवतो की, नव्वदच्या दशकात आपल्या ग्रहताऱ्यांचा कारभार इंजिनिअरिंगच्या एका पोराच्या हाती होता. फी भागवायला तो भाड्याच्या खोलीत कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून द्यायचा. गिऱ्हाइकाला चपला बाहेर काढायला लावायचा, पडद्यावरचं भरतकामाचं झाकण पुजाऱ्यासारखं उचलायचा आणि बटण दाबण्यापूर्वी डोळे मिटायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही; देवाला नाव कोण विचारतं?

एकदा माझ्यासमोरच एका निवृत्त सुभेदारांच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न अडलं.

"गुण जुळत नाहीत, काका. कॉम्प्युटर चुकत नाही," पोरगा म्हणाला.

सुभेदार ताडकन उठले. "आरं लेका, पोरगी झाली तवा मी बॉर्डरवर व्हतो! जन्मवेळ अंदाजानंच सांगितली. जुळंल ती टाक की!"