गच्चीवरचा सडा

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या इमारतीच्या गच्चीवरून हवेतली धूळ मोजणारं सरकारी यंत्र काढून नेण्यात आलं. त्याला कारण ठरले वरच्या मजल्यावरचे काका, आणि त्या यंत्रावर त्यांच्याइतकी माया करणारा माणूस उभ्या छत्रपती संभाजीनगरात नसेल.

काकू दम्याने गेल्या, तेव्हापासून काका आकाशावर नजर ठेवून आहेत. विमान मागे पांढरी रेघ सोडून गेलं की त्यातून पावडर पडते, असं त्यांचं ठाम मत. प्रत्येक रेघेची वेळ आणि दिशा ते वहीत टिपतात. एका लग्नात अक्षता पडत असताना मंडपाबाहेर उभं राहून त्यांनी दोन रेघा टिपल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी फुलंब्रीहून एक तंत्रज्ञ यंत्रातला गाळणकागद बदलायला यायचा. काकांकडे येणारा तेवढाच माणूस. कठड्यावर दोन कप चहा तयार असायचा.

"काल तीन रेघा गेल्या, साहेब. लिहून घ्या."

"कागद धूळ धरतो, काका. रेघा नाय धरत."

"मग ती पावडर जाते कुठं?"

"ती वाफ हाय, वर गोठती. खाली पडती ती जालना रोडची धूळ. तुमच्या गच्चीवर तीबी लई कमी."

हे ऐकून काकांनी कार्यालयात अर्ज दिला: रेघा वाढत असताना धूळ कमी कशी? यंत्र तपासावं. पुरावा म्हणून वहीच्या प्रती जोडल्या. काका टिपताना काही गाळत नाहीत. त्यामुळे रेघांच्या अधेमधे हेही होतं: 'सकाळी आठ, यंत्राभोवती सडा, दोन बादल्या. दुपारी दोन, पुन्हा. साहेबांना धुळीने खोकला येतो.'

अधिकारी आले. त्यांनी वही पाहिली, गच्ची पाहिली. इथल्या नोंदी धरता येणार नाहीत, यंत्र दुसरीकडे बसेल, असं सांगून गेले.

यंत्र उतरवताना तंत्रज्ञ म्हणाला, "पाणी कशाला मारलं हो, काका? मला सांगायचं तरी."

"तुम्ही नको म्हणाला असता," काका म्हणाले.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी साडेआठला मी कपडे वाळत घालायला वर गेलो. यंत्राची चौकोनी जागा सोडून बाकी गच्ची ओली होती. कठड्यावर दोन कप होते.